लंडनमधला पहिला नाताळ: केअर होमची शिफ्ट, व्हॉलंटिअरिंग आणि घरातली टोळी (माझा अनुभव)

नाताळच्या सुट्टीत इथे नवीन आलेल्या मुलांचं काय होतं ते आधी सांगतो. युनिव्हर्सिटी बंद, ब्रिटिश मुलं आपापल्या गावी, भारताचं तिकीट बघितलं की लॅपटॉप बंद करावासा वाटतो, आणि चारच्या आत अंधार. मी सप्टेंबर 2025 ला मास्टर्ससाठी आलो, ईस्ट हॅममध्ये एका घरात आम्ही सगळे शेअरिंगमध्ये राहतो, आणि ही सुट्टी अंथरुणात मोबाईल बघत काढायची नाही एवढं मी ऑक्टोबरमध्येच ठरवलं होतं. ऑक्टोबर म्हटलं ते मुद्दाम, कारण यातली कुठलीच गोष्ट डिसेंबरमध्ये सुरू करून होत नाही.

आधी व्हिसाचं. स्टुडंट व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला 20 तास, आणि आठवडा सोमवार ते रविवार धरतात. सुट्टीत फुल टाइम चालतं, पण सुट्टी म्हणजे युनिव्हर्सिटीने जाहीर केलेली सुट्टी, आपल्याला लेक्चर नाही म्हणून सुट्टी असं नाही. मास्टर्सवाल्यांनी तर नीट बघावं, उन्हाळ्यात डिझर्टेशनचे महिने असतात ते बहुधा टर्ममध्येच धरतात, नाताळची सुट्टी मात्र बहुतेक ठिकाणी खरी सुट्टी असते. मी काम धरलं त्या केअर होमने (म्हाताऱ्या माणसांना ठेवून सांभाळतात ती जागा) माझ्याकडून टर्म डेट्सचा पुरावा मागून फाईलला लावला, तो त्यांना ठेवावाच लागतो.

आता केअरचं काम. शिकायला आलेल्या मुलांमध्ये याबद्दल एक नाक मुरडणं असतं, वेअरहाऊस चालेल, डिलिव्हरी चालेल, पण म्हाताऱ्यांचं धुणं-पुसणं नको. बाबांनीही फोनवर तेच विचारलं, फक्त जरा आडवळणाने, "म्हणजे सगळंच करावं लागतं का रे?" हो, सगळंच करावं लागतं. पण करायला मिळण्याआधी जी कागदपत्रं लागतात ती बघून वाटलं की बँकेत लॉकर उघडायला चाललोय.

एनहान्स्ड डीबीएस चेक, म्हणजे इथलं गुन्हेगारी रेकॉर्ड तपासणं, त्यासाठी मागच्या पाच वर्षांचे पत्ते, सगळे, तारखांसकट. माझे पुण्यातले पीजी बदलण्याचे पराक्रम पहिल्यांदा कागदावर आले. शिवाय डीबीएसला आपलं भारतातलं रेकॉर्ड दिसत नाही, म्हणून पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट वेगळं मागतात. येणाऱ्यांना माझा एकच सल्ला, निघण्याआधी पासपोर्ट सेवामधून ते काढून सोबत ठेवा, इथून काढायचं म्हणजे पुन्हा अपॉइंटमेंट आणि वाट बघणं आलं. मग दोन रेफरन्स, राइट टू वर्कचा, म्हणजे इथे काम करायची परवानगी दाखवणारा, शेअर कोड, आणि ट्रेनिंग. डीबीएस सर्टिफिकेटवरच्या तारखेपासून 30 दिवसांत त्यांच्या ऑनलाइन अपडेट सर्व्हिसला नाव घातलं तर पुढच्या नोकरीत तेच सर्टिफिकेट वापरता येऊ शकतं, तीस दिवस गेले की गेले.

ट्रेनिंगमध्ये मूव्हिंग अँड हँडलिंगच्या, म्हणजे माणसाला हलवायचं कसं ते शिकायच्या दिवशी आम्हाला एकमेकांना हॉइस्टमध्ये (माणूस उचलायचं यंत्र) बसवून उचललं. कापडाच्या स्लिंगमध्ये लटकत छताकडे बघताना कळतं की समोरच्याने "आता उचलतेय हं" एवढं सांगितलं नाही तर किती घाबरायला होतं. तिथून पुढे मी न सांगता कुणालाच हलवलं नाही. आणि हॉइस्टला कायम दोघं, कितीही घाई असली तरी.

मग शॅडो शिफ्ट, म्हणजे अनुभवी माणसाच्या मागे मागे फिरायचं. आमच्या सीनियर केअरर घानाच्या आहेत, कित्येक वर्षं याच कामात. त्यांच्याकडून शिकलो की खोलीत शिरल्यावर आधी केअर प्लॅनचं (त्या माणसाची काळजी कशी घ्यायची ते लिहिलेली फाईल) पहिलं पान, माणसाला कुठल्या नावाने हाक मारलेली आवडते ते तिथे लिहिलेलं असतं. काहींच्या पानावर "फक्त महिला केअरर" असंही असतं. पहिल्यांदा दारातून परत पाठवलं तेव्हा जरा कसंतरी झालं, पण विचार केला, माझ्या आजीने तरी दुसरं काय सांगितलं असतं.

रोटा, म्हणजे शिफ्टचं वेळापत्रक, लागला तेव्हा 25 तारखेची सकाळी आठ ते रात्री आठची शिफ्ट मी मागून घेतली. सगळ्यांना वाटतं त्या दिवशी डबल पगार असतो म्हणून. कायद्याने इथे बँक हॉलिडेला, म्हणजे सार्वजनिक सुट्टीला, जास्त पैसे द्यायचं बंधन नाही, ज्याच्या त्याच्या करारावर आहे, आमच्याकडे थोडे जास्त देतात. साधा पगार तेव्हा, डिसेंबर 2025 ला, वयाच्या 21 वर्षांपुढे किमान 12.21 पाउंड तासाला होता. मी मागितली कारण बाहेर करण्यासारखं काही नसतंच, मोठी दुकानं त्या दिवशी उघडायला इंग्लंडमध्ये कायद्यानेच बंदी आहे, 2004 चा कायदा, आणि सीनियर बाईंना त्यांच्या मुलांसोबत चर्चला जायचं होतं.

जायचं कसं हा प्रश्न मात्र शेवटच्या आठवड्यात डोक्यात आला. 25 डिसेंबरला लंडनमध्ये ट्यूब नाही, बस नाही, ट्रेन नाही, काही म्हणजे काही नाही. केअर होम इलफर्डच्या बाजूला. टॅक्सीचे आकडे बघून चालतच निघालो, हाय स्ट्रीट नॉर्थवरून मॅनर पार्क, मग रॉमफर्ड रोड धरून सरळ, अंधारात. एरवी त्या रस्त्यावर बसच्या मागे बस असते. त्या सकाळी मी, एक कोल्हा, आणि कामाला चाललेली आणखी दोन-तीन माणसं, जॅकेटच्या आत ट्यूनिक (केअररचा युनिफॉर्म) घातलेली. एकमेकांना मान हलवली. बहुतेक सगळे केअररच असणार.

दिवसाबद्दल खूप लिहिता येईल, पण जे आधी माहीत नव्हतं तेवढंच लिहितो. नाताळचं जेवण म्हणजे आमच्यासाठी सगळ्यात जोखमीचा तास. ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांच्या जेवणाला आणि पाण्याला लेव्हल असतात, लेव्हल 4 म्हणजे पूर्ण प्युरी, लेव्हल 6 म्हणजे मऊ आणि दीड सेंटिमीटरपेक्षा मोठा तुकडा नको. आमच्या कुकने टर्कीची, गाजराची, ब्रसेल्स स्प्राउट्सची (छोट्या कोबीसारखी भाजी) वेगवेगळी प्युरी साच्यात घालून मूळ आकार दिला होता, एकत्र लगदा केला नव्हता, आणि हे मला फार आवडलं. पण भेटायला आलेले नातेवाईक प्रेमाने मिन्स पाय (सुकामेवा भरलेला नाताळचा गोड पदार्थ) पुढे करतात, "एक घास खाल्ला तर काय होतंय", आणि तिथे गोड बोलून हात अडवायला लागतो. रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी घेणाऱ्यांना क्रॅनबेरी टाळायला सांगतात, तशा एका आजोबांसमोरून क्रॅनबेरी ज्यूसचा ग्लास उचलताना त्यांनी माझ्याकडे जे बघितलं! क्रॅकर्स (दोघांनी दोन टोकं ओढून फोडायच्या कागदी नळ्या) फोडायचे नाहीत हे आधीच ठरलं होतं, त्या फट् आवाजाने डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, असलेली माणसं दचकतात. आतले कागदी मुकुट फक्त काढून ठेवले. तीन वाजता राजाचं भाषण, अर्धे झोपलेले, एक आजी मात्र राष्ट्रगीताला खुर्चीतून उठायच्या बेतात, त्यांना धरायला मी धावलो.

साडेतीननंतर अंधारायला लागलं की काही जणांची घालमेल सुरू होते, घरी जायचंय, मुलं शाळेतून येतील, आई वाट बघतेय. याला सनडाउनिंग म्हणतात आणि डिसेंबरमध्ये दुपार संपायच्या आत सुरू होतं. एक गुजराती बा आहेत (तपशील बदललेत), पन्नासेक वर्षं इथे काढलेली, इंग्लिश चांगलं बोलायच्या म्हणे, आता ते गेलंय, उरलीय फक्त गुजराती. नंतर शिकलेली भाषा आधी जाते असं डिमेन्शियात बऱ्याचदा होतं. माझी गुजराती म्हणजे केम छो आणि सिरीयलमध्ये ऐकलेली दोन वाक्यं, पण मी मराठीतच बोलत बसलो. "बा, चहा घेणार? आलं घालून?" त्या गुजरातीत उत्तर देत होत्या, मी मराठीत, आणि गाडी व्यवस्थित चालली होती. कुणाच्या तरी लग्नात जेवणावळीला मीठ कमी पडलं होतं असा काहीसा विषय होता. त्यांना घरी जायचं होतं, त्यांना "हेच तुमचं घर" असं सांगून वाद घालायचा नसतो, घरात कोण कोण आहे ते विचारायचं, हे ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं तिथे खरंच उपयोगी पडलं.

व्हॉलंटिअरिंग त्यानंतर, त्याच आठवड्यात. क्रायसिस ही बेघर लोकांसाठी काम करणारी संस्था, 1970 च्या दशकापासून नाताळात त्यांचा बेघरांसाठीचा कार्यक्रम असतो, आणि शिफ्टचं बुकिंग शरद ऋतूतच उघडतं, सोयीच्या शिफ्ट पटापट भरतात. रूममेटने दोघांची नावं एकदम घातली होती म्हणून मिळालं. व्हिसाच्या बाजूने एवढंच बघा की चॅरिटीला अधूनमधून मदत, करार नाही, मोबदला नाही, तर ते तासांत धरत नाहीत, पण बिनपगारी असूनही नोकरीसारखी ठरलेली ड्युटी असेल तर टर्ममध्ये ते 20 तासांतच मोजतात. काम साधं, चहा देणं, टेबलं पुसणं, दाराशी उभं राहणं. येणाऱ्यांना तिथे गेस्ट म्हणतात. केस कापणारे, दातांचे डॉक्टर, पायांची काळजी घेणारे पोडिअॅट्रिस्ट असे लोकही स्वतःचा वेळ देतात. ओल्या बुटांत दिवसभर चालणाऱ्याला पायाचा डॉक्टर म्हणजे काय, ते एरवी माझ्या डोक्यातही आलं नसतं.

मला इथे जास्त अवघडल्यासारखं झालं, खरं सांगायचं तर. केअर होममध्ये प्रत्येक माणसाचा प्लॅन हातात असतो, इथे काहीच नाही, आणि विचारायचंही नाही की तुम्ही इथवर कसे आलात. एका गेस्टबरोबर बुद्धिबळ खेळलो, त्याने मला सलग हरवलं आणि माझ्या ओपनिंगवर भाषण दिलं. बाकी आयुष्याबद्दल तो एक अक्षर बोलला नाही, मीही नाही.

घरातल्या मंडळींचं राहिलंच. कुणी रेस्टॉरंटमध्ये, कुणी हॉस्पिटलमध्ये, सगळ्यांच्या शिफ्ट वेगळ्या, म्हणून आमचा नाताळ 25 च्या रात्री साडेदहाला. मी चालत घरी पोचलो तोवर कोल्हापूरच्या पठ्ठ्याने मटण शिजवून ठेवलेलं, कांदा-लसूण मसाला त्याच्या आईने दिलेला, त्यामुळे घरातला स्मोक अलार्म दोनदा वाजून गेलेला. सीक्रेट सांताला मला थर्मलचे मोजे मिळाले, जे सकाळी मिळायला हवे होते. पत्ते खेळता खेळता मी भिंतीला टेकून झोपलो, त्याचे फोटो ग्रुपवर अजून फिरतायत.

शिफ्टची अदलाबदल मात्र मी फुकट केलेली नाही. सीनियर बाईंना नाताळ मिळाला, त्याच्या बदल्यात 2026 ची दिवाळी माझी, लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला रविवारी येतंय, आणि ते मॅनेजरकडून मी आत्ताच लेखी घेऊन ठेवलंय.