क्राकोवचे दोन दिवस
पोलंडला गेलो तेव्हा क्राकोवहून दोन गाईडवाल्या टूर केल्या. पहिली विएलिच्काची मिठाची खाण, सुरुवातीलाच साडेतीनशेच्या वर लाकडी पायऱ्या, उतरतानाच माझे गुडघे बोलायला लागले, पण १०१ मीटर खाली सेंट किंगाचं चॅपल बघून सगळं विसरलो, झुंबरंसुद्धा मिठाची! भिंत चाटून बघितली, खारट आहे, हसू नका.

दुसऱ्या दिवशी आउशविट्झ, दुसऱ्या महायुद्धातली नाझींची छळछावणी. हेडफोनमध्ये गाईडबाई हळू आवाजात सांगत होत्या, इथे ११ लाख माणसं मारली, खरं सांगू, आकडा डोक्यात शिरतच नाही, पण काचेमागे सुटकेसांचा ढीग आणि त्यावर मोठ्या अक्षरात नावं, बॅग परत मिळेल म्हणून लिहिलेली. मारलेल्यांचे कापलेले केस ठेवलेत त्या खोलीत फोटो काढू देत नाहीत, काढावासा वाटलाही नाही. सोबतचा डबा हॉटेलवर येईपर्यंत तसाच राहिला.