आमची वाटचाल : आधी कारण, मग पाना

लॅपटॉप आणि वायफाय दुरुस्त करणाऱ्या आमच्या फर्मची सुरुवात डेस्कटॉप, प्रिंटर आणि केबल ओढण्याच्या कामांपासून झाली. नेट बंद पडलं तर तेव्हा कारण बहुधा डोळ्यांना दिसायचं. पिन निसटलेली असायची, केबल उंदरानं कुरतडलेली असायची, नाहीतर लॅन कार्डाचा दिवा विझलेला असायचा. मग २००३ साली इंटेलचं सेंट्रिनो, म्हणजे लॅपटॉपसाठीचा चिपचा संच, आलं आणि वायफाय लॅपटॉपच्या आत बसवलेलंच येऊ लागलं. बिनतारी नेटचं मानक १९९७ पासून होतं, सेकंदाला ११ मेगाबिट वेगाचा ‘बी’ प्रकार १९९९ मध्ये आला होता, पण तोवर बहुतेकांना बाजूच्या खाचेत वेगळं कार्ड खुपसावं लागे. सेंट्रिनोनंतर बिनतारी नेट घराघरांत शिरलं आणि आमच्या टेबलावर एक नवी तक्रार येऊ लागली : ‘वायफाय चालत नाही.’ आजही सगळ्यात जास्त तीच येते.

या तक्रारीवर बाजारात दोन ठरलेली उत्तरं होती. एक, ‘फॉरमॅट मारावं लागेल’. दुसरं, ‘कार्ड गेलंय’. फॉरमॅटनं वायफाय पुष्कळदा सुरूही व्हायचं, कारण बिघडलेलं सेटिंग त्यात पुसलं जायचं. पण त्याबरोबर माणसाचे फोटो, हिशेब, साठवलेले पासवर्डही धोक्यात यायचे, आणि मूळ कारण कुणालाच कळलेलं नसल्यामुळे महिनाभरात तोच लॅपटॉप परत यायचा. आम्ही सुरुवातीलाच ठरवलं की कारण सांगता आल्याशिवाय मशीन उघडायचं नाही आणि काही पुसायचंही नाही. या एका नियमावर आमचं सगळं काम पुढे बेतलं गेलं. तपासणी आणि दुरुस्ती वेगळ्या धरायच्या, तपासणीनंतर गिऱ्हाइकाला कारण साध्या शब्दांत लिहून द्यायचं, दुरुस्ती आमच्याकडे करायची की नाही हे त्यानं ठरवायचं.

कारण शोधायचं म्हणजे जोडणी नेमक्या कोणत्या पायरीवर तुटते ते शोधायचं. रेडिओ चालू आहे का? आपल्या नेटवर्कचं नाव यादीत दिसतं का? पासवर्ड स्वीकारला जातो का? राउटरकडून आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा आपला क्रमांक, मिळतो का? राउटरपर्यंत पिंग, म्हणजे उत्तर मागणारा छोटा संदेश, पोचतं का? राउटरच्या पलीकडे पोचतं का? आणि शेवटी, साइटच्या नावावरून तिचा पत्ता सापडतो का? हे आमचं तक्रार-पत्रक. नवीन मुलगा कामाला आला की आधी हे पत्रक भरायला शिकतो, स्क्रूड्रायव्हर नंतर.

त्यातली आयपीची पायरी मला सगळ्यात बोलकी वाटते. लॅपटॉपचा पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल, तर त्याचा अर्थ राउटरनं पत्ता दिलेलाच नाही, लॅपटॉपनं स्वतःच एक घेतला आहे. अशा वेळी ब्राउझर बदलून काहीच हाती लागत नाही. राउटरकडचे पत्ते संपले असतील, नाहीतर मॅक फिल्टर, म्हणजे ठराविक उपकरणांनाच आत घेणारी यादी, लावला असेल. उलट ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला पिंग पोचतं आणि एकही साइट नावानं उघडत नाही, तर वायफाय ठणठणीत आहे, बिघाड डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा आहे. आणि नेट चालू असूनही प्रत्येक साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणून अडत असेल, तर घड्याळ बघा. मदरबोर्डावरचा सेल उतरला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि साइटची प्रमाणपत्रं अवैध ठरतात. बटणाएवढा सेल बदलायचा असतो, आणि माणूस मात्र नवा राउटर घ्यायच्या तयारीत असतो.

विंडोजच्या ‘नो इंटरनेट’ या खुणेवरही आम्ही डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. विंडोज मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून एक छोटीशी फाइल मागवून बघते आणि ती आली नाही की ही खूण दाखवते. जुनं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी गुप्त वाटेनं जोडणारं सॉफ्टवेअर), अर्धवट काढलेला अँटिव्हायरस किंवा मागे राहिलेलं प्रॉक्सीचं, म्हणजे नेट मधल्या सर्व्हरमार्फत नेणारं, सेटिंग ही फाइल अडवू शकतं. मग खुणेत नेट नाही आणि ब्राउझरमध्ये आहे, असा प्रकार दिसतो.

फर्मच्या वाटचालीतला मोठा बदल म्हणजे घरी जाऊन तपासणी करायला लागलो तो. लॅपटॉप आमच्या टेबलावर उत्तम चालतो आणि घरी गेला की बंद पडतो, हे इतक्यांदा घडत होतं की बिघाड लॅपटॉपमध्ये नाही, त्याच्या आजूबाजूला आहे, हे उघड होतं. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ पट्ट्यात चॅनल ५ मेगाहर्ट्झच्या अंतरावर असतात आणि सिग्नल साधारण २० मेगाहर्ट्झ रुंद असतो. म्हणून एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच धरायचे : १, ६ आणि ११. शेजाऱ्यांचे राउटर ३, ४, ८ अशा मधल्या चॅनलवर असले की सगळ्यांचाच वेग मार खातो. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो. आम्ही घरभर फिरून प्रत्येक खोलीतला सिग्नल डीबीएम या शक्तीच्या मापात मोजतो. उणे ५० असेल तर उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ८० ला पोचलं की त्या खोलीत काम होणार नाही हे सांगून टाकतो. दर ३ डीबीला सिग्नलची शक्ती निम्मी होते हे कागदावर काढून दाखवलं की राउटर कपाटातून बाहेर काढायला घरचे लगेच तयार होतात.

एका ताईंची तक्रार मला विशेष आठवते. त्या घरून शिकवत आणि रेकॉर्डिंग बाहेरच्या हार्ड डिस्कवर साठवत. ‘दादा, तास सुरू झाला की नेट जातं, एरवी दिवसभर काही होत नाही,’ असं त्या सांगायच्या. घरी जाऊन बघितलं तर हार्ड डिस्क यूएसबी ३ ची, केबल आखूड, आणि पट्टा २.४ चा. डिस्क जोडली की सिग्नल ढासळायचा, काढली की पूर्ववत. यूएसबी ३ च्या वेगवान जोडणीतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट निघतो, इंटेलनं २०१२ मध्ये यावर सविस्तर माहिती प्रसिद्ध केली होती. आम्ही लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर नेला, डिस्कला लांब आणि चांगल्या आवरणाची केबल दिली. ताईंचा तास मध्येच तुटायचा थांबला. नुसता लॅपटॉप आमच्याकडे आणून ठेवला असता तर हे कधीच सापडलं नसतं, कारण डिस्क घरीच राहिली असती.

तेराव्या चॅनलचं प्रकरणही असंच. काही देशांत २.४ च्या पट्ट्यात १३ चॅनल वापरता येतात, अमेरिकेत सर्वसाधारणपणे ११ पर्यंतच. तिथल्या नियमांनुसार बांधलेल्या लॅपटॉपला तेराव्या चॅनलवरचा राउटर दिसतच नाही. फोनला दिसतो, शेजारच्या लॅपटॉपला दिसतो, आणि याला नाही. राउटरचा चॅनल बदलला की झालं.

यंत्राच्या आतल्या कामात मी स्वतः अजून रमतो. लॅपटॉपचं वायफाय कार्ड खालच्या बाजूला असतं, पण अँटेना बहुतेक मशीनमध्ये स्क्रीनच्या वरच्या कडेला. मधल्या दोन बारीक वायरी बिजागरीतून जातात, बहुधा एक काळी, एक पांढरी. कार्डावर त्या ज्या गोल टोकांनी बसतात ती मोहरीच्या दाण्याएवढी असतात. भिंगाखाली धरून, सरळ वरून, बोटाच्या दाबानं बसवावी लागतात. तिरकी दाबली की कडा दुमडते. या जातीची टोकं साधारण ३० वेळा काढण्या-घालण्यासाठीच बनवलेली असतात, त्यामुळे विनाकारण उपटायची नाहीत. लॅपटॉप राउटरशेजारी चालतो आणि पुढच्या खोलीत नेटवर्कच दिसत नाही, तर मी आधी विचारतो, ‘स्क्रीन बदलली होती का? बिजागरी तुटली होती का?’ बरेचदा उत्तर हो असतं, आणि आत एक टोक सुटलेलं सापडतं किंवा वायर बिजागरीत चेचलेली. कार्डाला काहीही झालेलं नसतं.

कार्ड यादीतूनच गायब झालं असेल तरी लगेच बदलायची घाई आम्ही करत नाही. चार्जर काढून, बॅटरी सोडवता येत असेल तर सोडवून, पॉवरचं बटण सुमारे ३० सेकंद दाबून धरायचं. साठलेला भार निघून जातो आणि कार्ड पुष्कळदा परत दिसू लागतं. विंडोज ८ पासून शट डाउन म्हणजे पूर्ण बंद होणं राहिलेलं नाही. फास्ट स्टार्टअप या सोयीमुळे ड्रायव्हरची, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, अडकलेली अवस्था तशीच जपली जाते. म्हणून फोनवर आम्ही ‘बंद करून चालू करा’ असं सांगत नाही, ‘रीस्टार्ट करा’ असंच सांगतो. झोपेतून उठल्यावर नेट जात असेल तर ॲडॉप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करायची परवानगी काढून टाकतो. आणि नवा महागडा राउटर घेऊनही वेग ५४ मेगाबिटच्या वर जात नसेल तर सुरक्षेचं सेटिंग बघतो. तिथे डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी या जुन्या सुरक्षा पद्धती राहिल्या असतील तर २००९ च्या ‘एन’ मानकापासून मिळणारे वरचे वेग चालतच नाहीत. एईएस ही नवी पद्धत निवडली की बांध फुटतो.

२०२० मध्ये घरी जाणं बंद झालं आणि सगळ्यांना घरूनच काम करायचं होतं. तेव्हा पत्रक फोनवर भरायला लागलो. विंडोजची वायफायची नोंद काढणारी आज्ञा, नेटश डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट, गिऱ्हाइकाकडून चालवून घ्यायची आणि तयार झालेली फाइल मागवायची. मागच्या तीन दिवसांत जोडणी कधी आणि कशामुळे तुटली ते त्यात दिसतं. नेट बंद असलेल्या माणसाला फाइल पाठवायला सांगणं अवघड होतं, त्यासाठी फोन यूएसबीनं लॅपटॉपला जोडून फोनचं नेट द्यायला शिकवलं. तो काळ आमच्या माणसांनी दिवसरात्र फोन घेऊन निभावला, याचा मला फार अभिमान आहे.

काही कामांना आम्ही सहसा हात घालत नाही. नेटवर्क रीसेट शेवटीच, कारण त्यात साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड जातात आणि व्हीपीएन पुन्हा बसवावं लागू शकतं. काही कंपन्यांच्या जुन्या लॅपटॉपचं बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं मदरबोर्डावरचं सॉफ्टवेअर, ठराविक कार्डंच स्वीकारतं, दुसरं घातलं तर मशीन सुरूच होत नाही. तिथे बायोसशी खेळ न करता यूएसबी ॲडॉप्टर सुचवतो.

सध्या टेबलावर नवी तक्रार आहे ती ६ गिगाहर्ट्झची. वायफाय ६ई आणि ७ या नव्या पिढ्यांचे राउटर घरी येतायत आणि जुन्या लॅपटॉपला त्यांचं ६ गिगाहर्ट्झचं नाव दिसत नाही. त्यासाठी कार्ड त्या पट्ट्याचं लागतं, विंडोज असेल तर ११, आणि देशाची त्या पट्ट्याला परवानगी. शिवाय या पट्ट्यात डब्ल्यूपीए३ ही नवी सुरक्षा पद्धत सक्तीची आहे. म्हणून पत्रकात आता दोन रकाने वाढवले आहेत : कार्डाला कोणते पट्टे चालतात, आणि राउटरनं तिन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलंय की वेगवेगळी.