पैसे आधी इंजिनात घालायचे की सस्पेन्शनमध्ये?

परवा रात्री मामेभावाचा फोन. त्याने जुनी थार घेतलीय, २०१३ ची सीआरडीई, म्हणजे कॉमन रेल डिझेलवाली, गाडी चांगली आहे, आणि हातात लाखभर रुपये शिल्लक आहेत तर रिमॅप मारू (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून जोर वाढवायचा) का सस्पेन्शनला हात घालू असं विचारत होता. अर्धा तास बोललो तरी निम्मं राहून गेलं, शिवाय हाच प्रश्न मला गेल्या दोन वर्षांत चार-पाच जणांनी तरी विचारलाय, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढतो.

माझं उत्तर आधीच सांगतो. आधी सस्पेन्शन. आणि त्यातही आधी जे आहे ते धड करा, मग नवीन काय ते बघा. इंजिन सगळ्यात शेवटी.

हे मी पुस्तकातलं सांगत नाय, उलट्या क्रमाने पैसे घालून शिकलोय. माझी जिप्सी एमपीएफआय, म्हणजे फ्युएल इंजेक्शनवाली, १२९८ सीसी, कागदावर ८० बीएचपी. सेकंडहँड घेतली तेव्हा पहिल्यांदा काय केलं तर इंजिन खोललं. हेडचं काम, नवीन हेडर, मोठा सायलेन्सर, एअर फिल्टर, सगळं. ज्या गॅरेजमध्ये केलं तिथे गाडी दोन महिने पडून होती आणि बिल सांगितल्यापेक्षा बरंच जास्त आलं, पण गाडी बाहेर आली तेव्हा खरंच पळत होती. इथे गोव्यात फोंड्याहून चोर्ला घाटात नेली, पूर्वी सेकंडवर यायला लागायचं तिथे थर्डवर चढली, मी जाम खूश.

मग एप्रिलमध्ये मामाच्या भाटात, म्हणजे बागेत, गेलो. मामाचं काजूचं भाट वाळपईच्या पलीकडे, रस्ता म्हणजे जांभ्याचा चढ, आणि त्याच्या मधोमध पावसाच्या पाण्याने तिरकी चर पाडलेली, गुडघाभर खोल. ती चर सरळ आडवी असती तर प्रश्न नव्हता, दोन्ही पुढची चाकं एकदम उतरली असती आणि एकदम चढली असती. पण तिरकी असल्यामुळे उजवं पुढचं चाक चरीवर लटकलं आणि त्याच वेळी डावं मागचं उचललं गेलं. फोर-लो (चारही चाकांना जोर आणि सगळ्यात मंद गिअरिंग), पहिला गिअर, पाय दाबला. लटकलेली दोन चाकं गरगर फिरतायत आणि जमिनीवरची दोन चाकं पुतळ्यासारखी उभी. आणखी दाबला, आणखी जोरात फिरली. शेवटी मामाने आणि भाटातल्या दोघा कामगारांनी चरीत दगड भरले, तेव्हा कुठे बाहेर आलो. मागे बोंडूंचे, म्हणजे काजूच्या फळांचे, डबे होते, ते अर्धे सांडले.

त्याच संध्याकाळी शेजारच्या भाटातले एक काका त्यांची जुनी जिप्सी घेऊन त्याच वाटेने आले. कार्ब्युरेटरवाली १३०० सीसी, म्हणजे ६० बीएचपी, माझ्यापेक्षा कागदावरच वीस कमी, आणि इतक्या वर्षांच्या वापरानंतर त्यातले किती उरले असतील देव जाणे. बोंडू कोळंबीवर, म्हणजे ते चेचून रस काढतात त्या जागी, न्यायचं काम रोज तीच गाडी करायची. काकांनी चरीपाशी वेग कमी केला, क्लच सोडला आणि गाडी नुसत्या आयडलवर चालत चालत पलीकडे गेली. चाक उचललं गेलंच नाय. मी बाजूला उभा राहून बघत होतो, मागचं चाक चरीत असं खाली उतरत गेलं की वाटलं आता निखळतंय, आणि तरी ते जमिनीला टेकलेलं. मग मी त्यांना विचारून सरळ गाडीखालीच झोपलो.

आता यामागचं गणित. साधं डिफरन्शियल (अ‍ॅक्सलवरच्या दोन चाकांत जोर वाटून देणारे गिअर) दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, देतं. ऐकायला छान वाटतं, पण याचा अर्थ असा की जे चाक हवेत आहे त्याला फिरायला जेवढा जोर लागतो, म्हणजे जवळजवळ काहीच नाय, तेवढाच जोर जमिनीवरच्या चाकाला मिळतो. मग इंजिन ८० चं असो की २०० चं. हवेतलं चाक नुसतं जास्त जोरात फिरेल, बस. त्यामुळे अशा ठिकाणी खरा प्रश्न इंजिनात जोर किती हा नसतोच, चाक जमिनीला लागलंय की नाय एवढाच असतो. आणि चाक जमिनीला लावून ठेवायचं काम सस्पेन्शनचं. मला हे कळायला एक इंजिन, दोन महिने आणि एक अख्खा बोंडूंचा हंगाम लागला.

घरी येऊन माझ्या गाडीखाली बघितलं. पाटे, म्हणजे सस्पेन्शनच्या एकावर एक ठेवलेल्या स्टीलच्या लवचीक पट्ट्या, एकमेकांना गंजून चिकटलेले. आपल्याकडची हवा खारट, दमट, वर चार महिने पाऊस, पाट्यांच्या मध्ये पाणी शिरतं आणि गंज फुगतो, मग पाटे एकमेकांवरून सरकतच नाय आणि सगळा गठ्ठा एका जाड पट्टीसारखा वागतो. शॅकलचे, म्हणजे पाट्याचं टोक चॅसीला जोडणाऱ्या दुव्याचे, बुश जाम. आणि आधीच्या मालकाने टाकलेले शॉकअप आखूड होते, म्हणजे पाट्यांना अजून खाली जायचं असलं तरी अ‍ॅक्सल शॉकअपवरच लटकून राहायचा. ही शेवटची गोष्ट लोक बघतच नाय. जॅकने चॅसी उचला, चाक मोकळं लोंबू द्या आणि बघा आधी काय ताणलं जातंय, पाटा की शॉकअप की ब्रेकचा पाईप. ब्रेकचा पाईप ताणला जात असेल तर तिथेच थांबा, आधी लांब पाईप लावा, मग बाकीचं.

उसगावला पाट्यांचं काम करणारे एक मेस्त्री आहेत, ट्रकचंच काम जास्त करतात. त्यांनी चारही गठ्ठे खोलले, वायर ब्रशने घासले, बसलेले पाटे बदलले, मध्ये ग्राफाइट ग्रीस भरलं. बुश मी मुद्दाम रबराचे घेतले, पॉलियुरेथेनचे जास्त टिकतात पण कडक असतात, आणि मला पाटा वळायला हवा होता. शॉकअप थोडे लांब, गॅसचे. पाटे अ‍ॅक्सलला आवळून धरणारे यू-क्लॅम्प नवीन, जुने परत वापरू नका, आणि पाचशे किलोमीटर झाल्यावर ते पुन्हा आवळून घ्या, हमखास ढिले झालेले असतात. एक पाटा काढून टाका म्हणजे मऊ होईल असंही एकाने सुचवलं होतं, पण मागे बोंडूंचे डबे भरायचे असतात, पाटा काढला की वजन घ्यायची ताकदही गेली, म्हणून नाय काढला. सगळं मिळून इंजिनावर घातलेल्या पैशांच्या निम्म्यातही झालं नाय. पुढच्या एप्रिलला तीच चर, तोच चढ, गाडी आयडलच्या जरा वर ठेवून पलीकडे गेली. आणि आजी, जी दोन वर्षं माझ्या गाडीत बसायला तयार नव्हती कारण कंबर धरायची, ती त्या हंगामात दोनदा भाटात आली. घाटातला थर्ड गिअर मी विसरलो असतो, हे नाय विसरणार.

मामेभावाच्या थारचं थोडं वेगळं आहे. जिप्सीला चारही बाजूंना पाटे आणि दोन्हीकडे सरळ अ‍ॅक्सल. जुन्या थारला मागे पाटे पण पुढे इंडिपेंडंट, म्हणजे प्रत्येक चाक आपापलं हलतं, टॉर्शन बारवर (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा). तिथे मोह असा होतो की टॉर्शन बारचा बोल्ट आवळून पुढून गाडी उंच करायची, फुकटातलं काम, बरेच जण करतात. करू नका. गाडी उंच दिसते पण चाक खाली उतरायला जागाच उरत नाय, म्हणजे खड्डा आला की चाक आधीपेक्षा लवकर हवेत, वर गाडी दणके देणार आणि अ‍ॅक्सलचे रबर बूट कोन वाढल्यामुळे लवकर फाटणार. उंची आणि चाकाची चाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याला मी सांगितलंय, पुढे फक्त चांगले शॉकअप आणि बुश, जास्त काम मागे कर, आणि पैसे उरलेच तर मागे डिफरन्शियल लॉक बघ. कारण पुढचं चाक त्या गाडीत कधी ना कधी उचललं जाणारच, तेव्हा निदान मागची दोन्ही एकत्र फिरली पाहिजेत. त्याच्या गाडीचा जोर १०५ बीएचपी आणि २४७ न्यूटन मीटर आहे, लो मध्ये टाकला की चाकावर तो दुपटीहून जास्त होतो, वाळपईच्या कुठल्या भाटात तो कमी पडणार?

पॉवर कुठेच लागत नाय असं मी म्हणत नाय. जुलैतला लाल चिखल टायरच्या खाचांत भरून बसतो, टायर गुळगुळीत होतो, तेव्हा चाक जोरात फिरवून चिखल भिरकावून द्यावा लागतो आणि तिथे इंजिनच कामाला येतं. २०१४ पासून आपल्याकडे रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफ-रोड गाड्यांची स्पर्धा भर पावसात होत आलीय, तिथल्या गाड्या बघितल्यात का? इंजिनं तगडी असतात हे खरं, पण त्या इंजिनाखाली टायर, लॉकर, विंच आणि लांब चालीचं सस्पेन्शन सगळं आधी असतं. वाळूतही जोर लागतो, पण गोव्यात समुद्रकिनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे, आणि असायलाच पाहिजे, मोरजी आणि आगोंदला कासवं अंडी घालायला येतात, तिथे चाकं फिरवायची गोष्ट कुणी माझ्यासमोर काढूसुद्धा नये. मग रोजच्या वापरात उरलं काय, घाट. घाटासाठी रिमॅप हवा असेल तर करा, पण वाढलेला टॉर्क क्लच, प्रॉपेलरचे (गिअरबॉक्सकडून अ‍ॅक्सलकडे जोर नेणारा दांडा) क्रॉस आणि शाफ्टवर येतो, तो खर्च आत्ताच हिशोबात धरा.

आणि सस्पेन्शन म्हणजे लिफ्ट नव्हे. दोन इंचाच्या वर गेलात की प्रॉपेलरचा कोन बदलतो, लांब शॅकल टाकले तर कॅस्टर, म्हणजे पुढच्या चाकाच्या स्टिअरिंगचा तिरका कोन, बिघडून सरळ रस्त्यावर स्टिअरिंग भरकटतं, आणि जांभ्याच्या उतारावर गाडी तिरकी झाली की पोटात गोळा येतो कारण वजन वर गेलेलं असतं. मोठे टायर टाकले तर गिअरिंगच बदलतं, मग इंजिन कमी पडतंय असं वाटायला लागतं आणि माणूस फिरून रिमॅपपाशी येतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, आरसी बुकात लिहिलंय त्याच्याशी न जुळणारे बदल चालत नाय, त्यामुळे इंजिन बदलणं वगैरे तर मनातही आणू नका, आणि उंची-टायरचंही आरटीओला विचारून घ्या.

सगळ्यात स्वस्त गोष्ट मात्र राहिली. हवा. मी टायरमध्ये रस्त्यावर २६ पीएसआय ठेवतो आणि भाटाच्या फाटकापाशी १६ वर आणतो. टायर पसरतो, दगडाला धरतो, आणि बारीक धक्के तोच खातो. परत भरायला छोटा कॉम्प्रेसर गाडीत ठेवा, नायतर वाळपईपर्यंत हळूहळू यावं लागतं आणि टायरच्या बाजू खराब होतात.

मामेभाऊ रविवारी गाडी घेऊन येतोय. गंज सोडवायचं तेल आत्तापासूनच रोज संध्याकाळी यू-क्लॅम्पच्या नटांवर मार म्हणून सांगितलंय, २०१३ पासून कुणी हात लावलेला दिसत नाय. आधी चाक लोंबवून मोजू किती खाली जातंय, मग मेस्त्रींकडे नेऊ. रिमॅपवाल्याला दिलेली तारीख त्याने पुढे ढकलली आहे, आणि ती चर मामाने अजून बुजवलेली नाय, मीच तसं सांगितलंय.