तुम्ही विचारलंत म्हणून: आजीची जादू नातीपर्यंत कशी पोचवायची?

आजी, आई, नात अशा तीन पिढ्या, घरातून चालत आलेली जादू आणि जोडीला प्रेमकथा. अशा कादंबरीत जादू किती घालायची, हा प्रश्न हमखास येतो. किती ते नंतर बघू. तिची किंमत कोण मोजतं, ते आधी ठरवा.

जादू एकच घ्या. समजा, या घरातल्या बाईने फाटका कपडा शिवला की तो घालणाऱ्याचं तुटलेलं नातं सांधतं. मर्यादा: कपडा वापरातला हवा, नवं कापड चालत नाही. किंमत: दर शिवणीला शिवणारीची एक आठवण जाते, आणि कुठली जाणार ते तिच्या हातात नाही. बस्स. आणखी एक नियम लिहावासा वाटला, तर बहुतेक कथानकातलं भोक तुम्ही जादूने बुजवताय.

मग वयं मांडा. नात 28, आई 53, आजी 79. पणजी शंभरीपलीकडे, ती वस्तूंतूनच भेटणार. हे गणित राहून गेलं की आजी लेकीहून बारा वर्षांनीच मोठी निघते.

सगळ्यात जास्त घोळ आईचा होतो. आजीकडून थेट नातीकडे उडी मारायची म्हणून पहिल्याच प्रकरणात आईला मारून टाकतात. नका मारू. खरी गोष्ट तिच्यापाशी आहे. आजीने दुनियेचे कपडे सांधले आणि त्यात लेकीचं बालपण विसरून बसली. आई सुईला हात लावत नाही, साधं बटणही बाहेरून लावून आणते. नातीला ती कोरडी वाटते. बटण तिसऱ्या प्रकरणात सहज येऊन जाऊ दे, उलगडा पंधराव्यात. मधे कुणी काही समजावायचं नाही, आजीच्या शिवणाच्या नोंदवहीनेसुद्धा नाही. 80 हजार शब्दांत वहीचे दहा-बारा उतारे पुरे, प्रत्येकी दीडशे शब्दांच्या आत. आणि वही वाचकासाठी लिहिल्यासारखी नको. ‘डावी बाही, दुहेरी दोरा’, एखादं माप, समासात खोडलेलं नाव.

मेक्सिकन लेखिका लाउरा एस्किवेल यांची ‘लाईक वॉटर फॉर चॉकलेट’ (1989) या दृष्टीने वाचा. बारा महिने, बारा प्रकरणं, दर प्रकरणाला एक पाककृती. नायिका तिता हिचे अश्रू लग्नाच्या केकमध्ये पडतात आणि पाहुणे रडू लागतात. जादू रोज काम करणाऱ्या हातातून येते, म्हणून पटते.

आता प्रियकर. त्याला कथेतून काढून पाहा. नातीचा शेवटचा निर्णय जसाच्या तसा राहिला, तर तो शोभेचा आहे. त्याचं भावाशी जुनं वैर असू दे, आणि त्याचा उसवलेला शर्ट तिच्या मांडीवर. शिवला तर नातीच्या मनातून त्याची-तिची पहिली भेटच पुसली जाऊ शकते. ती भेट आधी वहीत लिहून ठेवते; पुढे त्याच ओळी परक्या कुणाच्या असाव्यात तशा वाचते. लिहून ठेवण्याची ही पळवाट बंदच ठेवा, नाहीतर किंमत उरत नाही.

शेवटचे टाके मात्र आईला घालू द्या. शिवण एकाच हाताची हवी, असं नियमात कुठे आहे? फक्त याची सोय पाचव्या प्रकरणातच करून ठेवा: वहीतल्या एका जुन्या नोंदीत दोन वळणांचं अक्षर, दोन रंगांचा दोरा. नात ती वाचते आणि पान उलटते.