साडेपाच तास

आमची कंपनी तालुक्याच्या गावातली. फायबर इंटरनेट देतो, साडेसहा हजारांच्या आसपास ग्राहक. पोरं खांबावर चढतात, स्प्लायसिंग करतात म्हणजे फायबर जोडतात, घरात ओएनटी म्हणजे फायबरची पेटी बसवतात. मी ऑफिसात बसते. बिलिंग, रेडियस सर्व्हर (कोण कधी जोडला, कधी सुटला याची नोंद), लॉग सर्व्हर सगळं माझ्याकडे, आणि कुणी घ्यायला तयार नव्हतं म्हणून पोलिसांचा पत्रव्यवहारही. लायसन्सच्या कागदावर या कामाला नोडल ऑफिसर म्हणतात. पगारात त्याचे पैसे नाहीत.

नोटीस शुक्रवारी सकाळी आली, श्रावणात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ९४, कागद-माहिती मागवायचं. जुलै २०२४ च्या आधी हेच सीआरपीसीचं ९१ होतं. नंबर बदलला, मसुदा तोच. एका कॉलेजच्या मुलीच्या नावानं कुणीतरी बनावट प्रोफाइल काढून तिचे फोटो बिघडवून टाकले होते. सोशल मीडिया कंपनीनं पोलिसांना आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरच्या जोडणीचा नंबर, दिला होता, तो आमचा निघाला. 'खालील आयपी पत्ता नमूद दिनांकास व वेळेस कोणाच्या ताब्यात होता, त्याचे नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक तात्काळ द्यावा.' खाली तीन दिवसांच्या तीन वेळा: १६:५२:०८, १७:०५:१९, १७:३१:४०.

आता इथे जरा थांबून सांगते, कारण बाहेरच्यांना वाटतं की आयपी पत्ता म्हणजे घराचा पत्ता. तसं नसतं. आमच्याकडे २५६ सार्वजनिक पत्त्यांचा एक तुकडा आहे. त्यातले काही सर्व्हरला, काही स्टॅटिक, म्हणजे कायमचा ठरलेला, आयपी घेतलेल्या बँका-पतसंस्थांना जातात. उरलेल्यांवर सगळं गाव बसवायचं. म्हणून प्रत्येक घराला आतला, १००.६४ वगैरेनं सुरू होणारा पत्ता देतो, आणि अशी चौसष्ट घरं मिळून बाहेर एकच पत्ता वापरतात. एका पत्त्याला पासष्ट हजारांच्या वर पोर्ट, म्हणजे नंबर दिलेली दारं, असतात, दर घराला हजार-हजार वाटून दिलेले. चाळीत एकच नळ आणि चौसष्ट बादल्या म्हणा. कुठली बादली हे ओळखायचं तर पोर्ट नंबर लागतो. नोटिशीत पोर्ट नव्हता. माझ्या अनुभवात दहातल्या आठ नोटिशींत नसतो.

पण माझा लॉग चांगला आहे, हे मी अभिमानानं सांगते. कोणत्या आतल्या पत्त्यावरून, कोणत्या पोर्टनं, बाहेर कोणत्या पत्त्याकडे, किती वाजून किती सेकंदांनी, अशी प्रत्येक जोडणीची ओळ आमच्याकडे पडते. कच्चा लॉगच रोजचा चाळीस-पन्नास जीबी होतो. आधी एक वर्ष ठेवावा लागायचा, डिसेंबर २०२१ पासून दोन वर्षं. शेठ डिस्क घ्यायला कां कूं करायचे, मी भांडून घेतल्या. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सगळी घड्याळं सरकारी टाइम सर्व्हरला जुळवलेली. माझ्या सर्व्हरचं घड्याळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत बरोबर असतं. हे लक्षात ठेवा.

पोर्ट नसला तरी एक युक्ती आहे. त्या सेकंदाला त्या चौसष्टांपैकी कोणकोणाची जोडणी त्या सोशल मीडिया कंपनीच्या पत्त्यांकडे उघडी होती, ते काढायचं. पहिल्या वेळी १९ घरं, दुसऱ्या वेळी २३, तिसऱ्या वेळी १७. तिन्हींत सामाईक घरं पाच. असं उत्तर निघालं की गणित सुटल्यासारखा आनंद होतो, तो मला त्या दिवशीही झाला. खोटं कशाला बोलू.

पोर्टशिवाय नक्की सांगता येत नाही, असं उत्तर द्यावं का, हे मी शेठना विचारलं होतं. ते म्हणाले, "सात वर्षांची शिक्षा आहे, माहितीये ना? दे पाठवून." सात वर्षं आयटी कायद्याच्या कलम ६९ ला आहेत, आणि ते प्रकरण वेगळंच आहे. तेही सरकारच्या आदेशावरून कुणाची माहिती मध्येच पकडायला, तिच्यावर नजर ठेवायला किंवा ती उलगडायला मदत नाकारली तर. पण शेठना कायदा लायसन्सपुरता कळतो. मी एक्सेलमध्ये पाच ओळी टाकल्या: नाव, पत्ता, मोबाइल, आधारच्या झेरॉक्सची प्रत. खाली लिहिलं, 'पोर्ट क्रमांकाअभावी सदर माहिती संभाव्य स्वरूपाची आहे.' दुपारी बाराच्या आत मेल गेला.

पाच घरं अशी: एक ब्यूटी पार्लर, एक दूध संकलन केंद्र, एक दवाखाना, एक नवीनच लग्न झालेलं जोडपं, आणि आमचे गणिताचे सर. मला आठवी ते दहावी शिकवलेले. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, अजून गल्लीतल्या पोरांना ओट्यावर फुकट शिकवतात. त्यांच्या वायफायचा पासवर्ड अख्ख्या गल्लीला पाठ. कनेक्शन सरांच्या नावावर, वापरणारे पंधरा.

यादीत त्यांचं नाव दिसलं तेव्हा माझा हात थांबला का? थांबला. मग मनात म्हटलं, पाचातले एक आहेत, पोलीस बघतील, सर थोडेच असणार. ते वगळणं म्हणजे पुराव्यात ढवळाढवळ झाली असती. हे मी आजही बरोबरच मानते. तरी ते वाक्य मनात म्हणताना जी घाई होती, ती आठवते.

संध्याकाळी फायबरचा पोरगा डबा परत ठेवायला आला आणि म्हणाला, "ताई, आपल्या सरांच्या नातवाला ठाण्यात बसवलंय." नातू इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. पाच घरांतून तेच घर का उचललं, ते मला नंतर हवालदारांनी अगदी सहज सांगितलं, "पोरगं कॉम्प्युटरचं शिकतंय ना, मॅडम." पार्लरवाली, डॉक्टर, दूधवाले यांना कुणी फोनसुद्धा केला नाही. नातवाचा फोन घेतला, सुनेचाही घेतला, पावती दिली नाही. सुनेच्या फोनमध्ये काय काय असेल, बायकांना सांगायला नको. रात्री अकराला नातवाला सोडलं, फोन ठेवून घेतले.

मी घरी कुणाला काही बोलले नाही. माहिती दिल्याचं बाहेर सांगायचं नसतं, नोटिशीवरच 'गोपनीय' लिहिलेलं असतं. जेवण गेलं नाही एवढंच.

शनिवारी सकाळी पीएसआय साहेबांचा फोन आला, प्रमाणपत्र पाहिजे. इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात टिकायला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. जुनं ६५-ब. नव्या नमुन्यात अ आणि ब असे दोन भाग, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिचा बोटाचा ठसा म्हणा, लिहावी लागते. हे काम मी चोख करते, त्यामुळे मी म्हटलं, मूळ माहिती बघितल्याशिवाय प्रमाणपत्र देणार नाही, सोशल मीडिया कंपनीचं उत्तर पाठवा. खरं कारण नियमाचं नव्हतं. रात्रभर मला ते बघायचं होतं.

पीडीएफ आली. इंग्रजी तक्ता, लॉगिनच्या तीन ओळी, तेच आकडे, तेच सेकंद. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी तीन अक्षरं: यूटीसी.

म्हणजे ग्रीनिचची वेळ. भारताची वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. १६:५२ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे चार बावन्न नव्हेतच, रात्रीचे दहा बावीस. ठाण्यातल्या रायटरनं नोटीस टाइप करताना आकडे उतरवले आणि अक्षरं सोडली. त्यानं सोडली, पीएसआयनी सही केली, एसपी ऑफिसच्या सायबर सेलकडून मेल पुढे आला, आणि मी, जिचं घड्याळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत बरोबर, विचारलं नाही की ही वेळ कुठली. पहिल्या वर्षाच्या पोराला शिकवतात हे.

आणखी एक. पीडीएफबरोबर चुकून मुलीच्या तक्रारीची प्रतही आली होती. त्यात स्वच्छ लिहिलेलं, मेसेज रोज रात्री साडेदहाच्या सुमारास येतात. तक्रार त्यांच्याच टेबलावर होती. माझ्या यादीतल्या संध्याकाळच्या वेळांशी ती कुणी ताडून पाहिली नाही.

मी दरवाजा लावून परत लॉग काढला. २२:२२:०८, २२:३५:१९, २३:०१:४०. आता सामाईक घरं दोन. सर त्यात नाहीत. त्यांचा ओएनटी तिन्ही रात्री दहाच्या आतच बंद झालेला, रेडियसमध्ये दिसतंय. झोपायच्या आधी स्विच काढतात, वीज वाचवायला.

पीएसआयना फोन केला. ते चिडले नाहीत, दमलेले वाटले. "मॅडम, आधीच विचारायचं ना. नवीन यादी पाठवा." पाठवली. पहिलीचं काय, विचारलं. ती फाइलला राहणार म्हणाले. एकदा आवक झालेला कागद जावक होत नाही.

नवीन यादीतल्या दोघांचं पुढे काय झालं, मला कुणी कळवलं नाही. मी कागद पुरवणारी. मुलीचा त्रास थांबला एवढं गावात कळलं, आणि ते बरं झालं. तिच्या घरचे आमच्या काउंटरवर रिचार्जला येतात. तिच्या आईचा चेहरा बघून मला कधीच वाटलं नाही की माहिती द्यायला नको होती.

माझी आग वेगळ्या गोष्टीची आहे. कुणाचं बोलणं ऐकायचं असेल तर केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवांचा आदेश लागतो, तो साठ दिवसांचा, वाढवून जास्तीत जास्त १८० दिवसांचा, वर आढावा समिती. पीयूसीएल या नागरी हक्कांच्या संघटनेच्या खटल्यात डिसेंबर १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टानं बंधनं घातली, तेव्हापासूनची ही चाल. तीही किती खरी, ते डेटा संरक्षणावरच्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीनं २०१८ मध्ये लिहूनच ठेवलंय: दोन महिन्यांतून एकदा बसणाऱ्या समितीपुढे एका बैठकीत पंधरा ते अठरा हजार आदेश. पण निदान कागदावर समिती आहे. कोण, कुठे, किती वाजता कशाला जोडलेला होता, याला ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचं एक पत्र पुरतं. मध्ये कोर्ट नाही, समिती नाही, एक मी आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क म्हटला. त्यासाठी माझ्या एक्सेलमध्ये रकाना नाही. २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आला, गुन्ह्याच्या तपासाला त्यातून सूट. पार्लरवालीला आजही माहीत नाही की तिचं आधार एका गुन्ह्याच्या फाइलला लागलेलं आहे.

आणि लोकांचं म्हणाल, तर पोलिसांपेक्षा जास्त मागण्या काउंटरवर येतात. "पोरगी रात्री काय बघते, तेवढं काढून द्या." "मिसेसच्या मोबाइलचं दिसेल का?" महिन्याला दोन-तीन तरी. नाही म्हटलं की तोंड वाकडं करतात, बिल आम्हीच भरतो ना म्हणतात. यांच्याकडे नोटीस नसते एवढाच फरक.

त्यानंतर मी एक केलं. नोटिशीला उत्तर देण्याआधी उलट मेल जातो: वेळ भारतीय की यूटीसी, पोर्ट क्रमांक काय, मूळ उत्तराची प्रत जोडावी. शेठ म्हणतात, साहेब लोकांना राग येईल. दोनदा आला. तिसऱ्यांदा यूटीसी लिहून आलं.

नातवाचा फोन सतरा दिवसांनी मिळाला. गणपतीच्या आदल्या दिवशी सरांकडून तक्रार आली, नेट स्लो आहे. मी पोरांना न पाठवता स्वतः गेले. ओट्यावर मुलं नव्हती. वायफायचा पासवर्ड बदलून दे म्हणाले, कुणाला सांगायचा नाही असा. राउटरवर क्रोशाचा रुमाल टाकलेला होता, कॅमेरा झाकल्यासारखा.

"अगं, एक विचारू?" सर म्हणाले. "आम्ही काय बघतो ते तुमच्या कंपनीला कळतं का?"

"साइटचा पत्ता कळतो सर. आतलं बहुतेक काही दिसत नाही."

हे शंभर टक्के खरं आहे. सरांनी मान हलवली. मग म्हणाले, "त्या पोलिसांना आमचं घर कसं सापडलं असेल, कोण जाणे."

मी पॉवर मीटर लावून फायबरमधल्या प्रकाशाची ताकद बघत होते. उणे एकवीस आली. उत्तम आहे म्हटलं. वहिनी आतून चहा घेऊन आल्या, तो घेतला.