सोफ्याशेजारचं छोटं टेबल आणि आमच्या घराची तुळई

गेल्या दोन महिन्यांत मी जितकी साइड टेबलं बघितली तितकी आयुष्यात बघितली नव्हती, सांगलीतली दुकानं झाली, कोल्हापूरला लग्नाला गेले तेव्हा तिथली झाली, रात्री मोबाइलवर परत तेच, आणि शेवटी टेबल झालं ते आमच्याच जुन्या घराच्या तुळईचं. एवढ्याशा टेबलासाठी एवढं कशाला असं घरात सगळ्यांनी विचारून झालं. पण माझ्यासाठी तो प्रश्न छोटा नव्हता.

आमचं जुनं घर सांगलीच्या गावभागात. २०१९च्या ऑगस्टमधल्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट आहे म्हणजे बघा. पाणी उतरल्यावर आम्ही दार उघडलं तर हॉलमधली दोन्ही साइड टेबलं, जी मी पहिल्या पगारातून घेतली होती, ती फुगून उलली होती, कोपरा धरून उचलायला गेले तर तुकडा हातात आला आणि आतून नुसता भुसा. पार्टिकल बोर्ड होतं ते. लाकडाचा चुरा रेझिनमध्ये, म्हणजे एक प्रकारच्या गोंदात, दाबून करतात, आणि फर्निचरच्या बोर्डात बहुतेक वेळा जे रेझिन असतं ते पाण्यात टिकत नाही. त्याच हॉलमध्ये आजीचा सागवानी चौरंग चिखलात उलटा पडलेला होता, आईने तो धुतला, मागच्या सोप्यात सावलीत पंधरा दिवस वाळवला, आणि आजही गणपती त्यावरच बसतात. तेव्हापासून माझं ठरलंय, घरात लाकूड आणायचं तर खरं आणायचं, छोटं चालेल.

आणि चांगली गोष्ट म्हणजे सध्याची फॅशन पण तिकडेच चाललीय. पूर्वी हॉलच्या मधोमध एक मोठा काचेचा टीपॉय असायचा, आता लोक दोन-तीन छोटी टेबलं घेतात, पाहिजे तिकडे सरकवतात. एकाच्या पोटात एक बसणारी तीन टेबलं म्हणजे नेस्टिंग टेबल सगळीकडे दिसतात, इंग्रजी सी अक्षरासारखं टेबल दिसतं ज्याचा पाय सोफ्याखाली जातो (घेण्याआधी सोफ्याखाली तेवढी जागा आहे का बघा, आमच्या सोफ्याला खाली फळीच आहे त्यामुळे ते बाद झालं), आणि ढोलासारखी गोल टेबलं, बाजूने उभ्या उभ्या पट्ट्या असलेली, त्याला फ्लुटेड म्हणतात. दिसायला सुंदर आहेत खरंच, पण त्या खाचांतली धूळ रोज कोण काढणार, आणि बऱ्याच ठिकाणी पट्ट्या एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) असून वर लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. टेबल उलटं करून खालची बाजू बघा, तिथे सगळं कळतं.

टीपॉय शब्दावरून आठवलं, मला वाटायचं चहा ठेवतात म्हणून टी. पण तो मूळ आपल्याकडचाच, तीन पायांची तिपाई, साहेबांनी तिचं टीपॉय केलं आणि तेच आपल्याकडे परत आलं. आमच्या आजोळी अजून तिवईच म्हणतात.

रंगाचं सांगायचं तर मधे सगळं फिकट चाललं होतं, जपानी घरांसारखं, आता परत गडद अक्रोडी रंग आलाय आणि चकचकीत पॉलिश जाऊन मॅट आलंय. फिकट लाकडाची मला एक भीती होती ती म्हणजे हळद. सांगलीत राहून हळदीचा डाग न पडणारं घर दाखवा मला! मैत्रिणीच्या रबरवुडच्या टेबलावर मुलाने पिठलं सांडलं आणि पिवळा गोल उमटला, पण तिने ते चार दिवस गच्चीत उन्हात ठेवलं आणि डाग बराचसा उडाला. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, हे आईलाही कपड्यांवरून माहीत होतं.

दोन लाकडी फळ्या आणि मधे निळं इपॉक्सी, म्हणजे ओतल्यावर कडक होणारं रेझिन, ओतलेलं रिव्हर टेबल पण बघितलं. त्याची हवा आता जरा ओसरलीय. उन्हात ते रेझिन पिवळं पडत जातं आणि ओरखडे आले की नीट करून घेणं अवघड, पण खरं कारण ते नाही, आईने तो निळा पट्टा बघितला आणि म्हणाली, चल इथून.

लाकडांमध्ये दुकानात जास्त दिसतात ती शिसम, आंबा आणि बाभळीच्या जातीचं अकेशिया, बराचसा माल जोधपूरकडचा. आंब्याचं लाकूड स्वस्त आणि रेषा सुंदर असतात, पण नीट वाळवलेलं आणि औषध मारलेलं नसेल तर भुंगा लागतो. बारीक भोकं आणि खाली पिठासारखी पूड दिसली तर ते टेबल घेऊच नका. सागवान म्हणून विकतात त्यातही बल्लारशाचं वेगळं आणि घाना, इक्वेडोरहून येणारं लागवडीचं वेगळं. लागवडीचं झाड कमी वयात तोडतात त्यामुळे पांढरा भाग जास्त निघतो, आणि कीड लागते ती त्या पांढऱ्या भागालाच.

तर तुळई. जुनं घर उतरवलं तेव्हा बाबांनी एक तुळई आणि दोन चौकटी विकू दिल्या नाहीत, चार वर्षं त्या भावाच्या शेडमध्ये पडून होत्या. सुतारकाकांना दाखवली तर त्यांनी आधी हातच लावला नाही, नुसते वाकून बघत बसले, मग कोपऱ्यावर रंधा मारला आणि आतला मधासारखा रंग दिसला तेव्हा म्हणाले, "ताई, असलं आता पैसे देऊन मिळायचं नाही, पण खिळे काढल्याशिवाय मशीनवर घेणार नाही, पातं जातंय." दोन दिवस नुसते खिळे काढण्यात गेले, लोहचुंबक फिरवत फिरवत, जवळजवळ वाटीभर निघाले. काही हाताने घडवलेले, चौकोनी.

मापाचं काकांनीच सांगितलं. टेबल सोफ्याच्या हाताइतकं किंवा इंचभर खाली पाहिजे, वर गेलं की कप घेताना कोपर उचलावं लागतं. आमचं बावीस इंच उंच झालं. वरची फळी त्यांनी पक्की चिकटवली नाही, खालून लांबट भोकं पाडून स्क्रू घातले, कारण पावसाळ्यात फळी रुंदीला फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, जखडून ठेवली तर तडकते. विकतच्या टेबलात हे बघितलंय का कुणी? मी तरी नव्हतं.

पॉलिशवरून मात्र आमचं थोडं वाजलं. मला लाखेचं पॉलिश पाहिजे होतं, मिरजेत सतारमेकर गल्लीत तंबोऱ्यावर बघितलेली ती झळाळी डोक्यात होती. काका म्हणाले तंबोऱ्यावर कुणी गरम चहा ठेवत नाही. लाखेवर गरम कप ठेवला की पांढरा गोल उठतो, त्यामुळे शेवटी मॅट पीयू, म्हणजे पॉलीयुरेथेनचं पॉलिश केलं आणि आता वाटतं त्यांचंच बरोबर होतं.

खिळ्यांची भोकं मी बुजवू दिली नाहीत. एक भोक अगदी कडेला आहे, त्याच्याभोवती लोखंडाने काळा डाग पडलाय, बाबा पेपर वाचताना त्यावर बोट फिरवत असतात. त्यांनी सांगितलं की त्या तुळईला पाळणा टांगायचे, त्यांचा आणि नंतर आमचा दोघांचा पण.

टेबल मला एकटीला उचलून जिना चढता येतो, ते मी आल्या दिवशीच करून बघितलं. दोन्ही चौकटी अजून शेडमध्येच आहेत, दिवाळीनंतर काका मोकळे झाले की भावाच्या घरासाठी तसंच एक करायचं आहे.