एकशेवीस गाड्या आणि आंबेनळीचं वळण

मोटारसायकलवाल्यांच्या मेळाव्यांसाठी रस्ते आखून देणं हे माझं पोटापाण्याचं काम. ‘हिला काय, फिरायचे पैसे मिळतात,’ असं घरचेही म्हणतात. मिळतात हे खरं. पण त्या फिरण्यात वळणावर गाडी लावून कडेची जागा पावलांनी मोजायची असते, पंपावरच्या पोराला ‘शनिवारी किती वाजता उघडतोस रे’ हे विचारायचं असतं आणि कोणत्या हॉटेलच्या संडासाला आतून कडी आहे याची वहीत नोंद ठेवायची असते. देखावे काय, ते कुणीही नकाशावर बोट ठेवून सांगेल.

एका डिसेंबरात वाईजवळ मेळावा ठरला. मुंबई, पुणे, कोल्हापूर, बेळगाव, गोवा, सगळीकडून मिळून एकशेवीस गाड्या, आणि बऱ्याच जणांच्या मागे कुणी ना कुणी बसलेलं. आयोजकांनी आधी जानेवारीतली तारीख धरली होती, ती नेमकी पौष पौर्णिमेला खेटून. मांढरदेवीला काळूबाईची यात्रा तेव्हाच असते. २००५ च्या यात्रेत तिथे चेंगराचेंगरीत तीनशेच्या आसपास माणसं गेली. त्या दिवसांत तो घाट भाविकांचा. आपण तिथे सायलेन्सर वाजवत जायचं नाही. तारीख अलीकडे आली.

शनिवारची मोठी फेरी अशी: वाईहून पसरणी घाटाने पाचगणी, महाबळेश्वर, मग आंबेनळी घाट उतरून पोलादपूर, महामार्गाने महाड, तिथून वरंधा घाट चढून भोर, आणि भोरहून आंबाडखिंडीतून मांढरदेवी करत परत वाई. दोनशे किलोमीटरच्या थोडं वर. कृष्णेच्या खोऱ्यातून निघायचं, सह्याद्रीची धार ओलांडून सावित्रीच्या खोऱ्यात उतरायचं, मग पुन्हा धार चढून नीरेच्या खोऱ्यात यायचं. एका दिवसात याहून जास्त सह्याद्री बघायचा तर पायी चालावं लागेल.

अशा फेरीत पहिला प्रश्न दिशेचा. आमचा एक साधा नियम आहे: कोकणात सकाळी उतरायचं आणि दुपारनंतर वर चढायचं. म्हणजे दोन्ही वेळा सूर्य पाठीशी राहतो, डोळ्यांत ऊन येत नाही आणि समोरचे कडे उजळलेले दिसतात. हे फेरीच्या दोन्ही दिशांनी जमतं. आयोजकांना उलटी फेरी हवी होती, कारण मग संध्याकाळी महाबळेश्वरचा सूर्यास्त मिळतो. मिळतो, पण शनिवारी संध्याकाळी वेण्णा तलावापाशी जी कोंडी होते ती ज्याने एकदा भोगली आहे, तो सूर्यास्ताचं नाव काढत नाही. शिवाय अंधारात पसरणी उतरायचा, समोरून हेडलाइट फुल ठेवून येणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या. सकाळी आठच्या आत महाबळेश्वर मागे टाकायचं, हे मी पहिल्याच फोनवर सांगून टाकलं.

दुसरी मागणी जास्त अवघड होती. त्यांना ड्रोनने एक चित्रफीत काढायची होती: एकशेवीस गाड्या एका रांगेत आंबेनळी उतरताहेत. ‘मॅडम, तोच तर आपला पोस्टर आहे.’

रेकीला, म्हणजे आधी जाऊन रस्ता बघायला, आम्ही तिघं गेलो. पुढे मी, मागे माझा सहकारी आणि त्याच्या मागच्या सीटवर वहिनी. वहिनी हौसेने येतात, पण माझ्या लेखी त्या कामाला येतात. चालवणाऱ्याला वळणाची झिंग असते, त्यामुळे रस्ता कसा आहे हे त्याला विचारू नये. मागे बसलेल्याला विचारावं. वहिनींच्या कमरेचं गणित पक्कं आहे. पाऊण तास झाला की त्यांना उतरावंसं वाटतं, घाटात त्याआधीच. आमचे थांबे त्या हिशेबाने पडतात.

पहाटे वाईत धुकं इतकं होतं की मेणवलीचा फाटा गाडीवरून उतरून शोधावा लागला असता. पसरणीच्या अर्ध्यावर धुक्याच्या वर आलो आणि खाली धोमचं पाणी आहे की नुसतंच धुकं हे कळेना. सुंदर होतं. तिथे गाड्या लावायला सुरक्षित जागा किती, तर चार. म्हणून यादीत तो थांबा नाही. लोकांना हे पटत नाही, पण घाटातला देखावा तेवढ्याच गाड्यांचा, जेवढ्या रस्ता सोडून उभ्या राहतात. आणि ती जागाही डाव्या हाताला हवी. उजव्या बाजूचा पॉइंट कितीही देखणा असला तरी दहा-बारा जणांना समोरची वाहतूक आडवी ओलांडून तिथे न्यायचं आणि पुन्हा तसंच परत आणायचं, हे मी करत नाही.

महाबळेश्वरला हात सुन्न झाले होते. तिथून आंबेनळी सुरू झाला की सुमारे १,३५० मीटरवरून जवळजवळ समुद्राच्या पातळीला यायचं, चाळीसेक किलोमीटरमध्ये. सकाळी वरचा भाग सावलीत असतो. दगडी कठड्याच्या कडेला दव आणि शेवाळ. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला तेव्हा हा रस्ता ठिकठिकाणी तुटला होता. दुरुस्ती ओळखू येते: मध्येच नवी भिंत, मध्येच वेगळ्या रंगाचं डांबर. अशा सांध्यांवर टायर क्षणभर हलतो. ते सगळे सांधे मी वहीत घेतले. ब्रेक तापायची ठिकाणंही घेतली, कारण जड गाडी, मागे माणूस, सामान आणि उतारभर दाबून धरलेला ब्रेक म्हटल्यावर पोलादपूर येईपर्यंत लिव्हर मऊ पडतं. ‘दुसरा गिअर, इंजिनवर उतरा’ हे कागदावर ठळक लिहायचं असतं, आणि तरी दोघं-तिघं ब्रेक दाबूनच उतरतात.

वाडा कुंभरोशीच्या अलीकडे एका हेअरपिन वळणाला मी गाडी कडेला लावून पावलं मोजत होते. वरून एसटी आली. लांब हॉर्न दिला आणि वळली. तिचं नाक माझ्या गाडीच्या आरशापासून हातभर अंतरावरून बाहेरच्या कठड्याकडे गेलं, मागची चाकं आतल्या गटाराच्या काठावरून घासत आली. बाकी रस्ता उरलाच नाही.

कुंभरोशीत, प्रतापगडाचा फाटा फुटतो तिथे, तीच एसटी उभी. ड्रायव्हर मामा चहा घेत होते. मला बघून म्हणाले, “काय मोजत होता ताई तिथं? जागा घ्यायचीय?”

मी सांगितलं. एकशेवीस म्हटल्यावर त्यांनी ग्लास खाली ठेवला.

“एका दमात?”

“आयोजकांची तशी इच्छा आहे.”

“बरं. मग मी कुठं जाऊ?”

मी काही बोलायच्या आत त्यांनी बाकावर बिस्किटाचा पुडा आडवा धरला. “ही माझी गाडी. हा ग्लास म्हणजे वळणाचा आतला दगड.” पुडा ग्लासाभोवती फिरवायला लागले. पुढचं टोक लांब बाहेर गेलं, मागचं टोक आत आलं, ग्लासाला अडलं आणि चहा बाकावर सांडला. “आता बघा, तुमचं पोरगं कुठून येतं? आतून. त्याला वाटतं मामानी गाडी बाहेर काढली, आत जागा दिली. जागा नसती ती, माझी मागची चाकं यायची असतात तिथं.” मग चहावाल्याकडे बघून, “अजून एक दे, ताईंच्या नावावर.”

माझा सहकारी म्हणाला, चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असा नियमच आहे, आम्ही सगळ्यांना सांगतो. मामा म्हणाले, “पहिला थांबंल. विसावापण थांबंल. नव्वदाव्याला पुढं का थांबलेत ते दिसतं का?”

हे मात्र खरं होतं. ताशी चाळीसच्या वेगाला दोन गाड्यांत दोन सेकंदांचं अंतर ठेवलं तर ते बावीस मीटर होतं. घाटात एकेरी रांगच लावावी लागते. एकशेवीस गाड्या म्हणजे अडीच किलोमीटरहून लांब रांग, एकाच वेळी कितीतरी वळणांवर पसरलेली. पुढचा हळू झाला की रांग आखडते, मोकळा झाला की ताणली जाते, आणि शेवटचा गडी ते अंतर भरून काढायला घाटात वेगात सुटतो. अपघात बहुधा त्याचा होतो, पहिल्याचा नाही. २०१८ च्या जुलैत याच घाटात सहलीची बस दरीत गेली. ३० जण गेले, एक जण वाचला. स्थानिक ट्रेकर दोर लावून खाली उतरले होते. टपरीवर तो विषय कुणी मुद्दाम काढत नाही, पण कठड्यांचं बोलणं निघालं की आपोआप तिथेच येतं.

सकाळी या घाटात कुठली एसटी कुठल्या वेळेला कुठे असते, ते मामांनी तोंडपाठ सांगितलं. मी लिहून घेतलं. आमचा शनिवारचा आराखडा त्या पानावर बसवलेला आहे. बारा-बारा गाड्यांचे दहा गट, दोन गटांत दहा मिनिटं. प्रत्येक गटाला पुढे एक लीड, मागे एक स्वीप, आणि लीडच्या लगेच मागे सगळ्यांत नवखा चालवणारा, म्हणजे गटाचा वेग तो ठरवेल. पहिला आणि शेवटचा गट यांत दीड तासाचं अंतर पडतं. त्याचा एक फायदा असा की महाडच्या खानावळीत एका वेळी चाळीस माणसं बसतात, ती आपसूक बसतात.

वरंध्याचं मात्र मी कधी ठाम सांगत नाही. पावसाळ्यात तो दरवर्षी बंद करतात, आणि पाऊस नसला तरी रुंदीकरण कधी, दरड काढणं कधी. म्हणून पर्यायी रस्त्याचा दुसरा कागद तयार ठेवायचा. रेकीच्या दिवशी घाट खुला होता. महाडला टाक्या भरल्या, कारण वर पंप नाही आणि मोबाइलही मध्येच मुका होतो. तिसऱ्या प्रहराचं ऊन पाठीवर घेत वाघजाईच्या देवळापाशी पोचलो. खाली शिवथरचं खोरं, मागे कावळ्या किल्ल्याचा डोंगर, समोर टपऱ्यांमध्ये कढया चढलेल्या. वहिनी उतरल्या, कंबर सरळ केली आणि म्हणाल्या, “इथे अर्धा तास. कमी नको.” मी वीस मिनिटं लिहिणार होते. अर्धा तास लिहिला. तेवढ्यात एका माकडाने माझ्या टँक बॅगेची चेन उघडून पोलादपूरला घेतलेली केळी काढली, सालं टाकीवर ठेवली आणि बॅगेत अजून काय आहे ते शांतपणे तपासायला बसलं. ‘बॅगा उघड्या ठेवू नका’ ही ओळ तिथेच कागदात गेली.

रात्री आयोजकांना फोन केला. गटांचं ऐकून ते नाराज झाले. “लोक एकत्र चालवायला येतात, मॅडम. बारा-बारा करायचं तर मेळावा कशाला?” त्यांचं अगदीच चूक नव्हतं. माणूस चारशे किलोमीटर चालवत येतो तो गर्दीत असण्यासाठीच. पण ती गर्दी मुक्कामाच्या मैदानावर करा, तिथेच ड्रोन उडवा, हवं तर एकशेवीस गाड्यांनी नाव लिहा, घाटात नाही. तासभर वाद झाला. शेवटी मी बिस्किटाच्या पुड्याची गोष्ट सांगितली. त्यावर ते थोडा वेळ गप्प झाले आणि म्हणाले, “बरं, पण गट पंधराचे करू.” मी म्हटलं, बारा.

शनिवार ठीक गेला. पोलादपूरला एका गाडीचा मागचा ब्रेक जळका वास मारत होता, ती तासभर झाडाखाली उभी केली. एक पंक्चर. भोरनंतर शेवटच्या गटाला घाई करावी लागली, कारण डिसेंबरात वाईच्या बाजूला उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात आणि मागच्या ट्रॉलीला दिवा असेलच असं नाही. अंधार पडायच्या आत सगळे आले.

रविवारी काहींना तापोळ्याला जायचं होतं. तो रस्ता अरुंद, पुढे कोयनेचं पाणी आणि तराफा, म्हणून गटाने न्यायला मी नकार दिला; ज्यांना जायचं ते दोघं-तिघं मिळून गेले आणि खूष होऊन आले.

अभिप्रायाच्या कागदावर ‘सर्वांत आवडलेलं ठिकाण’ असा रकाना होता. प्रतापगड काहींनी लिहिला होता, निम्म्याहून जास्त जणांनी ‘वाघजाईची भजी’. आयोजक आता पुढच्या वर्षी माळशेज म्हणताहेत, पुन्हा ड्रोनसकट. मी म्हटलं, आधी तिथल्या एसटीच्या वेळा घेऊन येते, मग बोलू.